पिस्तूल जवळ बाळगणारी माणसें

पिस्तूल जवळ बाळगणारा मनुष्य म्हटला म्हणजे आपल्यासारख्या पांढरपेशा घरांत एक ठराविक चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. रुंद काठाची टोपी, जाडे बूट, तोंडांत शिवी आणि हात सदैव कमरेकडे. हें चित्र आपण अमेरिकन चित्रपटांवरून उसनें घेतलें आहे. गंमत अशी कीं, खुद्द अमेरिकेंतील सुशिक्षित नागर मंडळींतहि तें रूढ आहे. भर इतकीच कीं, असा मनुष्य मनांतून भेकड असतो व हत्याराच्या जोरावर आपला पुरुषार्थ सिद्ध करूं पाहतो, असें तेथें अनेकांस वाटतें. एकच मनुष्य आडदांडहि आणि भेकडहि कसा, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी टेक्सस संस्थानांत परिचारिका आहे. बरींच वर्षें तेथें राहून ती आतां तेथील नागरिक झाली आहे. घरोघर जाऊन रोग्यांची शुश्रूषा करणें हें तिचें काम. त्यापायीं रात्रीं-अपरात्रीं निर्मनुष्य रस्त्यांनीं मैलच्या मैल मोटार हांकावी लागते. ती जवळ पिस्तूल ठेवते ही वार्ता घरांत फुटली, तेव्हां आमचे दादा दोन दिवस तिच्या बापाशीं धड बोलले नाहींत. "आपल्या घरांत अडकित्त्याहून मोठें शस्त्र कोणीं हातीं धरलें नाहीं," असें ते म्हणाले. वहिनींच्या मतें मुलगी तिकडे जाऊन बिघडली.

पुढें ती सुटींत आली तेव्हां मीं तिला सविस्तर विचारलें. टेक्ससमध्यें सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील सामान्य नागरिकास पिस्तूल बाळगण्यास परवाना लागत नाहीं. परंतु तिनें त्यापूर्वींच रीतसर शिक्षण घेऊन, पन्नास गोळ्यांच्या नेमबाजीची परीक्षा देऊन परवाना काढला होता. तिचें एक वाक्य माझ्या मनांत राहिलें. "काका, हें जवळ ठेवूं लागल्यापासून मीं भांडणें सोडलीं. रस्त्यांत कोणी आडवी गाडी घातली तरी मी मुकाट्यानें वाट देतें. हें जवळ असतांना माझा आवाज चढला, तर त्याचा शेवट काय होईल तें मला ठाऊक आहे."

ह्या मुलीला त्या टोपीवाल्याच्या चित्रांत कोठें बसवावें?

टेक्ससमधीलच किलीन गांवीं १६ ऑक्टोबर १९९१ रोजीं एका माथेफिरूनें आपली गाडी भोजनगृहाच्या कांचेंतून आंत घुसविली आणि तेवीस माणसें मारलीं. सुझाना ग्रेशिया नांवाची तरुणी तेथें आईवडिलांसह जेवावयास बसली होती. तिच्यापाशीं रिव्हॉल्व्हर होतें, परंतु अंगावर लपवून बाळगण्यास त्या काळीं तेथील कायद्याची बंदी असल्यानें तें तिनें बाहेर मोटारींत ठेवलें होतें. वडील त्या माथेफिरूवर धांवून गेले व पडले, आईहि गेली. रिव्हॉल्व्हर हातीं असतें तर निकाल फिरलाच असता, असें मी म्हणणार नाहीं. पण पुढें ही बाई हत्यार बाळगण्याच्या हक्कासाठीं झगडली आणि १९९६ सालीं टेक्ससच्या विधिमंडळांत निवडून गेली. तिला रक्ताची तहान लागली होती, असें तिच्या तोंडावर कोण म्हणूं शकेल?

याहून जुने दाखले निग्रो समाजाचे आहेत. १८९२ सालीं मेंफिस येथें तीन निरपराध माणसांस झुंडीनें ठार केलें, तेव्हां पत्रकार आयडा वेल्स हिनें पिस्तूल विकत घेतलें. मेलेल्यांपैकीं एक तिचा स्नेही होता. १९५६ च्या जानेवारींत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी व तान्ही मुलगी त्या वेळीं घरांत होतीं. त्यानंतर किंग यांनीं बंदूक बाळगण्याचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. शस्त्राचा विचार त्यांनीं पुढें सोडून दिला ही गोष्ट निराळी, आणि ती त्यांची थोरवी; परंतु तो अर्ज करणारा गृहस्थ कांहीं गुंड नव्हता.

आपल्याला हें नवें वाटूं नये. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी मनुष्यास परवान्याची सक्ती झाली आणि युरोपियनांस मोकळीक राहिली. एकाच्या हातीं बंदूक म्हणजे बंड, दुसऱ्याच्या हातीं तीच बंदूक म्हणजे शिकार! हा कायदा सौम्य करावा अशी मागणी राष्ट्रसभेनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांतच केली होती. अमेरिकेंत हा भेद अजून मिटलेला नाहीं. २०१६ सालीं मिनेसोटा संस्थानांत फिलांडो कॅस्टिल या परवानाधारक कृष्णवर्णीय तरुणानें पोलिसास आपण होऊन, शांतपणें, जवळ पिस्तूल असल्याचें सांगितलें. कांहीं क्षणांतच पोलिसानें त्याला गोळ्या घातल्या. गाडींत मागें चार वर्षांची मुलगी बसली होती. पुढच्या वर्षीं तो पोलिस निर्दोष सुटला.

दादांचा विरोध मात्र मी सर्वस्वी पोकळ मानीत नाहीं. अमेरिकेंत २०२१ सालीं बंदुकीनें सुमारें ४८,८०० माणसें मेलीं आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. चोराच्या भयानें आणलेलें हत्यार घरच्याच माणसावर उलटण्याचा संभव फार मोठा आहे. खरा आक्षेप घ्यावयाचा तो येथें. बाळगणाऱ्याच्या स्वभावाची टवाळी करून तो सुटत नाहीं.

हे आंकडे मीं पुतणीपुढें ठेवले. तिनें वाद घातला नाहीं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "तुमच्या जांवयांची नोकरी सुटली होती ना, त्या हिवाळ्यांत ते रात्र रात्र जागे राहूं लागले. डॉक्टरांनीं निराशेचा आजार सांगितला, त्याच संध्याकाळीं मीं पिस्तूल माझ्या मैत्रिणीच्या घरीं नेऊन ठेवलें." तें परत आणावयास तिला आठ महिने लागले. रात्रींच्या फेऱ्या ती तोंवर तशाच करीत होती.