पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. येडशीत ही म्हण अपंगत्व पेन्शन नाकारलेल्या एका माजी सैनिकाला भाऊबंदांनी ऐकवली, सोयऱ्यांनी ऐकवली, पारावरच्या म्हाताऱ्यांनी तर रोजच. सगळ्यांनी मायेनेच. पण सरकारला ती कोणी का ऐकवत नाही?

धरमवीर सिंह नावाचा शिपाई 1985 साली लष्कराच्या सिग्नल्समध्ये भरती झाला आणि फिट्स येतात म्हणून 1994 मध्ये बोर्ड आउट झाला, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढला गेला. अपंगत्व 20 टक्के, पण आजाराचा नोकरीशी संबंध नाही, म्हणून पेन्शन नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असंच धरा. तसं नव्हतं, हे सरकारने सिद्ध करावं. 19 वर्षं गेली. हा माणूस शहाणा म्हणायचा की वेडा? तो पायरी चढला नसता, तर आज बाकीच्यांनी कशाचा आधार घेतला असता? मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी नेमलेल्या समितीनेही जवानांविरुद्धची अपिलं आवरा, असंच सुचवलं होतं.

पायरी म्हटलं की मला येडशीजवळच्या रामलिंग मंदिराच्या पायऱ्याच दिसतात, दरीत उतरणाऱ्या. सीतेला नेणाऱ्या रावणाला जटायूने इथंच अडवलं, असं आमच्याकडे सांगतात; त्याची समाधीही दाखवतात. जटायू तेव्हा म्हातारा होता. पंखांतलं बळ वयानं आधीच ओसरलेलं. रावणाच्या तलवारीने किती गेलं आणि वयाने किती, हे रामाने विचारलं नाही. बापाचे करावेत तसे त्याचे अंत्यसंस्कार केले.

पण रामापुढे जटायू एकच होता. सरकारपुढे लाखो आहेत, आणि पैसा लोकांचा. रक्तदाब, मधुमेह कधी वर्दी न घातलेल्यांनाही होतोच. अपंगत्व पेन्शनचे 2023 चे नियम कडक झाले, ते अगदीच विनाकारण असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही. मग येडशीच्या त्या माजी सैनिकाचा कागद आठवतो. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला, 'सेवेमुळे का?' या रकान्यापुढे टाइप केलेलं एवढंसं 'नाही'. बर्फातल्या चौकीवर जागून काढलेल्या रात्री त्या रकान्यात कुठे मांडायच्या?

"दादा, मुंबईला सैन्याच्या न्यायाधिकरणात जावं का?" तो विचारतो. वकिलाची फी आहे, जाण्यायेण्याचं भाडं आहे, सोयाबीन काढणीला आलंय. जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जाऊ नको म्हणायला तर त्याहून नाही.