कोणी, कोणीतरी, कोणीही

या शनिवारचा विषय जरा शाळकरी आहे. इंग्रजी व्याकरणातली अनिश्चित सर्वनामं, म्हणजे समबडी, एनीबडी, नोबडी, एव्हरीबडी आणि त्यांची सगळी भावकी. ज्यांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालंय त्यांना यात लिहिण्यासारखं काय आहे असं वाटेल. पण ज्यांनी मराठी शाळेत बसून "खालील वाक्यांतील चुका दुरुस्त करा" हा प्रश्न सोडवलाय, ते समजून घेतील.

निमित्त माझी भाची. ताई यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या बाजूच्या एका गावात राहते आणि भाची नववीत आहे. गणितात हुशार पोरगी. पण दिवाळीत गेलो तेव्हा तिने सरळ जाहीर करून टाकलं, "मामा, माह्यं इंग्रजी काई होत नाई. दहावीत पास झाली म्हणजे पुरे." इंजिनीअरिंगचं विचारलं तर म्हणाली, "तिथं सगळं इंग्रजीतच असते ना?" चौदा वर्षांच्या मुलीने एका विषयाच्या भीतीने पुढचे सगळे दरवाजे आपल्या हाताने लावून घ्यावेत, हे काही मला पटलं नाही. म्हणलं, वही दाखव.

वहीत एक तक्ता होता. वर सम, एनी, नो, एव्हरी असे चार रकाने. बाजूला बडी, वन, थिंग अशा तीन ओळी. चार त्रिक बारा. हे बारा शब्द पाठ करायचे आणि मग रिकाम्या जागा भरायच्या. त्याखाली तिचं एक वाक्य लाल शाईने खोडलेलं होतं: "एनीबडी डिड नॉट कम टू स्कूल." ते बदलून तिने लिहिलं होतं, "नोबडी डिड नॉट कम टू स्कूल." तेही खोडलेलं. शेरा काही नाही. शिकवणीत विचारलं तेव्हा तिला उत्तर मिळालं की मराठीतून विचार करणं बंद कर, म्हणजे जमेल.

हा सल्ला आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलाय. हेतू चांगला असेलही, पण पोराला त्यातून ऐकू काय येतं? की तुझ्या डोक्यात जी भाषा आहे तीच तुझी अडचण आहे. मला नेमकं उलटं वाटतं. निदान या प्रकरणात तरी मराठी येत असेल तर तीन चतुर्थांश काम झालेलं असतं. कसं ते सांगतो.

आपल्या व्याकरणात मूळ सर्वनामं नऊ: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. यातली "कोण" आणि "काय" ही दोन दुहेरी नोकरी करतात. प्रश्न विचारायचा तर प्रश्नार्थक, नसेल विचारायचा तर अनिश्चित. त्यांना शेपट्या लावल्या की अख्खं खातं तयार. "तरी" लावलं की कोणीतरी, काहीतरी: हे समबडी, समथिंग. "ही" लावलं की कोणीही, काहीही: हे एनीबडी, एनीथिंग. "च" लावून पुढे नाही म्हटलं की कोणीच नाही, काहीच नाही: हे नोबडी, नथिंग. आणि शेपटी न लावता नुसतं "कोणी आलं का?" किंवा "कोणी विचारलं तर" म्हटलं, तरी इंग्रजीत बहुतेक वेळा एनीबडीच येतं. म्हणजे सम, एनी, नो ही जी तीन कोडी तक्त्यात पाठ करायला दिलीत, ती या पोरीला चार वर्षांची असल्यापासून येतात. "कोणीतरी दार वाजवतंय" च्या जागी "कोणीही दार वाजवतंय" असं ती कधी चुकूनसुद्धा म्हणणार नाही!

प्रश्नाच्या शब्दाला शेपटी लावायची ही युक्ती तशी जुनीच. संस्कृतात "किम्" ला "चित्" जोडून "किंचित्" म्हणजे काहीतरी. तो शब्द आपण आजही "किंचित मीठ कमी आहे" म्हणताना वापरतो. कदा म्हणजे केव्हा, त्याचं कदाचित्. क्व म्हणजे कुठे, त्याचं क्वचित्. अर्थ थोडे सरकले, पण सांगाडा तोच आहे. वर्ल्ड ॲटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स या जगभरातल्या भाषांच्या नोंदवहीत मार्टिन हास्पेलमाथ या भाषाशास्त्रज्ञाने ३२६ भाषांची अनिश्चित सर्वनामं तपासली आहेत. त्यातल्या १९४ भाषा आपल्यासारख्याच प्रश्नाच्या शब्दापासून ती बनवतात. समबडी आणि समथिंगमध्ये बघा, तिथे "बडी" आणि "थिंग" ही साधी नामं आहेत. त्या बाबतीत बहुमत आपल्या बाजूला आहे, इंग्रजीच्या नाही.

आणि यवतमाळ जिल्हा म्हणजे नुसती मराठीही नाही. वऱ्हाडी आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे, गोंडी आणि कोलामी आहे. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबाद, त्यामुळे दक्षिणेकडच्या तालुक्यांत तेलुगूही कानावर पडते. भाचीची एक मैत्रीण घरी तेलुगू बोलते, ती तिथेच बसली होती. तेलुगूत कोण म्हणजे एवरु. त्याचं एवरो म्हणजे कोणीतरी, एवरैना म्हणजे कोणीही, आणि एवरू (शेवटचा ऊ दीर्घ) पुढे नकार आला की कोणीच नाही. वेगळं भाषाकुळ, पण शेपट्यांचा हिशोब तोच! तिने हे तीन शब्द आपणहून म्हणून दाखवले आणि दोघी खो खो हसत सुटल्या. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही, पण व्याकरणावर हसताहेत म्हणजे भीती थोडी गेली असं मी धरून चाललो.

आता उरलेलं एक चतुर्थांश. ती लाल शाईतली दोन वाक्यं चुकली का?

"कोणीही आलं नाही" हे मराठीत अगदी बरोबर आहे. शब्दाला शब्द ठेवून त्याचं "एनीबडी डिड नॉट कम" झालं. घोटाळा आहे तो "नाही" च्या जागेत. आपलं "नाही" वाक्याच्या शेवटी बसतं आणि तिथून मागे वळून सगळ्या वाक्यावर अंमल चालवतं. वऱ्हाडीत "कोनीच नाई आलं" म्हणतात तेव्हा "नाई" एक पाऊल पुढे येतं, पण "कोनीच" च्या मागेच राहतं. इंग्रजीतलं "नॉट" मात्र फक्त पुढे बघतं. त्याच्या आधी जे येऊन गेलं त्यावर त्याची सत्ता नाही, आणि नकारातल्या एनीबडीला तर नकाराच्या छत्राखालीच राहावं लागतं. म्हणून "आय डिड नॉट सी एनीबडी" चालतं, कारण नॉट आधी आणि एनीबडी नंतर. कर्ता म्हणून एनीबडी वाक्याच्या तोंडाशी जाऊन बसला की नॉटला त्याच्याही पुढे जावं लागतं. तिथे गेल्यावर दोघं मिळून एकच शब्द होतात: नोबडी. नॉट अधिक एनी बरोबर नो.

हे समीकरण मी वहीत लिहिलं आणि दुसरं वाक्य तिने स्वतःच सोडवलं. "म्हणजे नोबडीमधी नॉट आधीच हाय. मंग मी ते दुसऱ्यांदा लिहिलं." बस, एवढंच. आपल्याकडे "कोणीच" ला सोबत "नाही" लागतंच, नुसतं "कोणीच आलं" हे वाक्यच होत नाही. इंग्रजीत नकार एकदाच मोजायचा. इथेही आपण एकटे नाही बरं का. त्याच नोंदवहीत नकारी सर्वनामांच्या २०६ भाषा आहेत, आणि त्यातल्या १७० भाषांत "कोणी" बरोबर क्रियापदालाही नकार लागतो. खुद्द इंग्रजीतही एके काळी चालायचं. चॉसरने चौदाव्या शतकात आपल्या सरदाराचं वर्णन करताना चार नकार एकापाठोपाठ ओवलेत. दोन नकार एकमेकांना खोडतात हा नियम अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथ यांच्यासारख्या व्याकरणकारांनी पुस्तकात पक्का केला. तेव्हा "नोबडी डिड नॉट कम" लिहिणारी मुलगी मठ्ठ नसते. ती जगातल्या बहुसंख्य भाषांच्या रीतीने लिहीत असते, फक्त परीक्षेच्या इंग्रजीची रीत वेगळी आहे.

थोडं विषयांतर, आमच्या धंद्यातलं. एसक्यूएल लिहिणाऱ्यांना "नॉट इक्वल टू एनी" हा सापळा माहीत असेल. वाचताना वाटतं, यादीतल्या कोणाशीही बरोबर नसलेले. मशीन समजतं, यादीतल्या निदान एकाशी बरोबर नसलेले. मग जवळजवळ सगळ्याच ओळी बाहेर येतात आणि आपण डोकं धरून बसतो. तिथे खरं तर "ऑल" हवं असतं. प्रश्न तोच, नकार आधी की एनी आधी? प्रमाण एसक्यूएलमध्ये एनीला "सम" हा पर्यायी शब्दही आहे. तो लिहिला की निदान वाचणाऱ्याचा घोळ कमी होतो. असो.

उरले दोन बारीक मुद्दे. एक म्हणजे एव्हरीबडी. त्याचं भाषांतर आपण "सगळे" करतो आणि मग "एव्हरीबडी आर" लिहितो. त्याऐवजी "जो तो" करून बघा. "जो तो आपापल्या कामात आहे." क्रियापद आपोआप एकवचनी होतं, आणि एव्हरीबडीपुढे "इज" लिहायला हात अडखळत नाही.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. "समवन लेफ्ट" याच्यापुढे "हिज अंब्रेला" लिहायचं, "हर" लिहायचं की "देअर"? जुनी पुस्तकं "हिज" सांगायची. बोलण्यात मात्र इंग्रज लोक एकवचनी "दे" आणि "देअर" चौदाव्या शतकापासून वापरत आलेत, आणि २०१९ मध्ये मेरियम-वेबस्टर या कोशाने "दे" ला वर्षाचा शब्द ठरवलं. या वादात कितीतरी शाई खर्ची पडली. आपण काय म्हणतो? "कोणीतरी आपली छत्री विसरून गेलं." विसरून गेला नाही, गेली नाही, गेलं. बाई की पुरुष माहीत नाही म्हणून नपुंसकलिंग, आणि "आपली" मधून मालकाचं लिंग कळतच नाही. आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. तेव्हा "आपली" च्या जागी डोळे मिटून "देअर" लिहा.

मी शाळेत होतो तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. वर्षं वाढली, पण पोरांच्या डोक्यात आधीपासून काय आहे ते न बघता वर नवा तक्ता चढवायची पद्धत तशीच राहिलेली दिसते. घरी कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला तर आधी मराठी पुस्तकी भाषा आणि मग इंग्रजी, म्हणजे दोनदा सांगितलं जातं की तुझं विसर. त्याऐवजी तासाला दहा मिनिटं "हे तुमच्या घरी कसं म्हणतात?" एवढं विचारलं, तर फळ्यावर चार भाषांतली "कोणीतरी" येतील. फरक कुठे आहे तो मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतील. याला पैसे लागत नाहीत, प्रोजेक्टर लागत नाही.

भाचीचं इंग्रजी एका दिवाळीत सुधारलं असं मी म्हणणार नाही. काळांच्या धड्यात ती अजून अडखळते, आणि इंजिनीअरिंगचं पुन्हा विचारलं तर "पाहू" म्हणते. पण आता ती दर शनिवारी फोन करते आणि चुकलेलं वाक्य वाचून दाखवून विचारते, "मामा, हे मराठीत बरोबर हाय. मंग इंग्रजीत काऊन चुकलं?" आधी ती असं विचारायचीच नाही, वही मिटून टाकायची.