पवनेवरील जांभळीं फुलें

चिंचवडास श्रीमोरया गोसावींच्या समाधिमंदिरापाशीं पवनेवर उन्हाळ्याच्या तोंडीं पाहावें, तों पुष्कळदां पाणी दिसत नाहीं. जलपर्णीचे जांभळे तुरे तेवढे दिसतात. नातवंडें त्यांवर लुब्ध होतात. आम्हांस मात्र खेद होतो.

ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेंतील. शोभेसाठीं देशोदेशीं गेली. देठांतील फुगे तिला तरंगत ठेवितात आणि आडव्या धुमाऱ्यांनीं ती अनुकूल काळीं पंधरवड्यांत दुप्पट होते. खालीं प्रकाश पोंचत नाहीं, प्राणवायु घटतो, मासे गुदमरतात.

परंतु वनस्पतीस दोष देणें व्यर्थ. काठचें पाणकणीस म्हणजेच महाभारतांतील एरका, असें पुष्कळ पंडित मानितात. मौसलपर्वांत यादवांनीं तिनेंच परस्परांचा संहार केला; पाणथळींत तीच गाळ धरून ठेविते व पाण्यांतील मळ शोषून घेते. गुणदोष वापरणाराचे!

१९८२ सालीं येथें महानगरपालिका झाली. वस्ती अपार वाढली. सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद हेंच जलपर्णीचें खत. ती कितीही उपसली, तरी खत चालू आहे तोंवर पुनः येणारच. स्नानसमयीं सात नद्यांचें आवाहन करणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांनीं आपल्या मोरीचें पाणी शेवटीं कोठें जातें, हें एकदां तरी विचारावें.