पेनड्राइव्हची उगवण

बोरीत परभणी-जिंतूर रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मशीनमध्ये कागद अडकला की बाहेरची रांग चुळबुळ करायला लागते. त्यामुळे रिचर्ड स्टॉलमनची गोष्ट वाचली तेव्हा हा माणूस एकदम आपल्यातला वाटला. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर होता आणि त्यात कागद सारखा अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्याने सोय करून ठेवली होती: कागद अडकला की ज्याचं काम खोळंबलंय त्याच्या पडद्यावर निरोप. नव्याचा मूळ कोडच कुणी देईना. २७ सप्टेंबर १९८३ला त्याने जाहीर केलं की अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच मुक्त लिहायची, नाव ग्नू. कंपायलर झाला, एडिटर झाला, मधला गाभा तेवढा रखडला. ती उणीव १९९१मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सच्या लिनक्सने भरून काढली आणि पुढच्या वर्षी लिनक्सही ग्नूच्याच परवान्याखाली आला.

२०२३च्या जूनमध्ये पाऊस लांबला. पेरण्या थांबल्या, दुकानात माणूस नाही. एका शाळेतले सर चहाला आले आणि म्हणाले, "नऊ मशीन धूळ खात पडल्यात, काही होतंय का बघ." सगळ्यांवर विंडोज ७, तीही कुणी कुठून टाकलेली देव जाणे, आणि व्हायरसचं पीक. मी म्हटलं, पूर्ण मुक्त सॉफ्टवेअरची मराठी सिस्टीम पेनड्राइव्हवर करून देतो. बोलून बसलो खरा.

आधीच सांगतो, मी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली नाही. ह्याच ग्नू आणि लिनक्सवर उभी असलेली डेबियन १२ ही सिस्टीम त्याच महिन्यात आली होती. डेबियनकडेच 'लाइव्ह-बिल्ड' नावाचं साधन आहे. आपल्याला हवी ती पॅकेजं एका यादीत लिहायची, ते सगळं ओढून आणतं आणि पेनड्राइव्हवर उतरवता येईल अशी एकच फाइल बनवतं. दळण तयार, आपण फक्त भाकरी थापायची. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती भाकरी भाजायला दोन-दोन तास, आणि लाइट गेली की पुन्हा परातीपासून. पहिले चार दिवस त्यातच गेले.

यादीत हलका डेस्कटॉप घेतला, लिबरऑफिस, लहान पोरांसाठी जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट, आणि लोहित मराठी फॉन्ट. फॉन्टवर माझे दोन दिवस मोडले. दुसरा देवनागरी फॉन्ट आला की ल आणि श हिंदी वळणाचे दिसायचे. त्याहून वाईट 'ऱ्या'. पुढे शाळेत पोरं 'दुसऱ्या' टाइप करायला जात आणि रफार डोक्यावर चढून 'दुसर्या' उमटायचं. आचाऱ्याला बोलवायचं तर आचार्य यायचे. इन्स्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट धरून र दाबला की वेगळा ऱ मिळतो, हे सरांनाही माहीत नव्हतं. मीच मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक मशीनला चिकटवलं.

पेनड्राइव्ह तयार झाला त्या दिवशी घरी आमचे अण्णा ओसरीवर सोयाबीनची उगवण काढत बसले होते. ओल्या बारदानावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, मग गुंडाळी. चार-पाच दिवसांनी मोड मोजायचे, शंभरातले सत्तर तरी उगवले पाहिजेत. मी कौतुकाने पेनड्राइव्ह दाखवला.

"फुकट भेटतंय म्हनतोस, मग काय तरी खोट असंल त्याच्यात."

म्हटलं, अण्णा, फुकट नाही, मुक्त. सोयाबीनचं घरचं बियाणं ठेवता येतं, शेजाऱ्याला देता येतं, तसं. हे कपाशीच्या हायब्रीडसारखं नाही, दरसाल पिशवी घ्यायला.

"बरं. मग घरचं बियाणं हाय तर उगवन काढलीस का?"

काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत पेनड्राइव्ह लावत गेलो. नवातली पाच सुरू झाली. शंभरात पंचावन्न, म्हणजे दुबार पेरणी.

दोन मशीन ३२ बिटांची निघाली, त्यांच्यासाठी वेगळी फाइल बांधली. एकाची रॅम गेलेली होती, ते सोडून दिलं. नवव्यात नुसती बायोसमधली क्रमवारी बदलायची होती.

खरी गोची वायफायची. सुरू झालेल्या पाचांत दोन लॅपटॉप होते. त्यांची वायफायची चिप चालवायला कंपनीचं बंद फर्मवेअर लागत होतं. आत काय लिहिलंय ते बघता येत नाही. आडमुठेपणा नको म्हणून २०२२मध्ये मतदान घेऊन डेबियनवाल्यांनीच असलं फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबर द्यायचं ठरवलं होतं. यादीत एक शब्द वाढवला असता तर काम झालं असतं. सरही म्हणाले, "घाल की, कोण बघतंय?" मी नाही घातलं. एकदा 'पूर्ण मुक्त' म्हटल्यावर तेवढंच एक बंद ठेवायचं मला पटेना. एआर ९२७१ चिपचे यूएसबी डोंगल मागवले, ह्या चिपचं फर्मवेअर मुक्त आहे. लावले आणि लागलीच नेटवर्क दिसलं. डोंगलचे पैसे माझ्या खिशातून गेले, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

आठ मशीन चालू आहेत. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र विंडोजच आहे. माझ्याकडच्या अंगठा घ्यायच्या यंत्राचा ड्रायव्हर दुसऱ्या कशावर चालत नाही.