हिसारला निघालेल्या मुक्तास

चि. मुक्ता,


बदली हिसारला झाली म्हटल्यावर ताईने लगेच तिथल्या उन्हाळ्याची धास्ती घेतली. मी अडकलो गावाच्या नावात. अरबीत ‘हिसार’ म्हणजे वेढा. आजही त्या भाषेत तोच अर्थ चालतो. महमूद दरवेशने २००२ मध्ये रामल्लातून लिहिलेल्या दीर्घकवितेच्या नावातही तो आहे. फारसी-तुर्कीत मात्र हिसार म्हणजे तट, किल्ला. वेढा घालणाऱ्यांचा शब्द आत कोंडलेल्यांनी आपलासा केला म्हण ना! फिरोजशहा तुघलकाने १३५४ मध्ये वसवलेलं ‘हिसार-ए-फिरोजा’ ते हेच, तुझं गाव.

हा शब्द ताजिकिस्तानपासून बल्गेरियापर्यंत गावांना चिकटलाय. पण खरी गंमत इस्तंबूलजवळ. बॉस्फरसच्या चिंचोळ्या जागी आशियाच्या काठावर ऑटोमन सुलतान बायेझिदाचा अनादोलू हिसार होताच. १४५२ मध्ये त्याच्या पणतवाने, दुसऱ्या मेहमेदाने, समोर युरोपच्या काठावर रुमेली हिसार उठवला. काळ्या समुद्राकडून कॉन्स्टँटिनोपलला येणारं धान्य आणि कुमक आता तोफांच्या माऱ्यात आली. हुकूम न जुमानता पुढे निघालेलं व्हेनिसचं एक जहाज त्यांनी बुडवलंच. पुढच्या वर्षी वेढा पडला आणि शहर गेलं. त्या एका बांधकामात शब्दाचे दोन्ही अर्थ नांदतात. आणि ट्रॉय? दहा वर्षं वेढ्यात राहिल्याची कथा ज्या नगरीची, तिचे अवशेष श्लीमनने खणले त्या टेकडीला तुर्क म्हणतात हिसारलिक. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ट्रॉय असेल असं मला वाटत नाही. त्यांना जुन्या तटाचे दगड दिसले असतील, बस्स.

तुझ्या हिसारजवळच्या हांसीशी तर आपलंही नातं आहे. जॉर्ज थॉमस नावाचा आयरिश शिलेदार आधी मराठ्यांच्या चाकरीत होता. पुढे हांसीत स्वतःचं राज्य मांडून बसला. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने वेढा घालून त्याला शरण आणलं. त्या फौजेचा सरदार फ्रेंच! शाळेच्या पुस्तकात हे कधी आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा सामान लागलं की एका रविवारी फिरोजशहाचा गुजरी महाल बघ, दुसऱ्या रविवारी हांसीचा किल्ला. फोटो नुसते पाठवू नकोस, चार ओळी लिही. आणि ताईला रोज फोन कर.

तुझा,
मामा