जुळवणी

१९९१ साली पुण्यातल्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याच पुण्यात आमच्या चिरंजीवांना घरचा साधा संगणक उभा करता येऊ नये? दोन वर्षं शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने तपकीर गल्लीतून सुटे भाग आणले, रात्रभर जोडले. सकाळी बटण दाबलं. पंखे गरगरले, दिवे लागले. पडदा मात्र काळाकुट्ट!

रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवली. हिने उदबत्ती ओवाळली. छे! ‘‘सगळे पैसे पाण्यात,’’ म्हणत पोरगं रडकुंडीला आलं.

मी पडलो कॉमर्सवाला. पण हिशेब जुळेना तर पहिल्या व्हाउचरपासून टिक मारत यायचं, एवढं बँकेत २२ वर्षांत शिकलोय. पुस्तिका उघडली, पेन्सिल घेतली. मदरबोर्डाची २४ पिनांची वायर – टिक. पडद्याची वायर – टिक. प्रोसेसरची स्वतंत्र ८ पिनांची वायर... ती बिचारी कोपऱ्यात लोंबकळत होती! बाकी सगळीकडे वीज, फक्त डोक्याला नाही.

मेन बंद करून वायर खोचली. पडदा उजळला, त्याहून जास्त पोराचा चेहरा.

‘‘बाबा, तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘अरे, आमच्या शाखेत रोज हेच असतं. दिवे लागलेले असतात, पंखे फिरत असतात...’’