तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे?

आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंचीही चूक होते बरं का!

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात तिसरीला शिकवते. २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही गावाबाहेरच्या आमराईत वनभोजनाला गेलो होतो. सकाळी रेडिओवर अंदाज ऐकला होता, की मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस पडेल, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे वाहतील. बाहेर पाहिलं तर आभाळ लख्ख! म्हटलं, आपल्याकडे कुठला आलाय पाऊस?

दुपारी झाडाचं पानही हलेना. पश्चिमेला एक ढग कोबीच्या गड्ड्यासारखा वर वर चढत होता. मीही कौतुकाने बघत बसले. थोड्याच वेळात तो खालून काळाकुट्ट झाला, एकदम गार वारं सुटलं, धुळीचे लोट उठले आणि मुलं धावली ती थेट मोठ्या आंब्याखाली! शेजारच्या शेतातल्या आजी ओरडल्या, "अगं बाई, लेकरं झाडाखालनं काढ आधी! घरात चला!" आम्ही त्यांच्या पक्क्या घरात शिरलो. मी मुलं मोजली. सत्तावीसच्या सत्तावीस होती. तेवढ्यात कानठळ्या बसवणारा कडकडाट झाला. पाऊस थांबल्यावर पाहिलं, तर त्याच आंब्याची जाड फांदी मोडून आमच्या डब्यांवर पडली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अंदाज खोटा नव्हता, मलाच तो समजला नव्हता.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. नेमक्या कोणत्या गावावर, हे सकाळीच सांगता येत नाही. कारण असा एकटा ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि तास-दोन तासांत जन्मून विरूनही जातो. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. पाऊस सुरू झाला, की काही थेंब वाटेतच सुकतात. त्यामुळे हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. आमच्या अंगावर आला तो हाच झोत!

ढग तयार झाला, की तो रडारवर दिसतो. मग हवामान खातं पुढच्या तीन तासांचा इशारा देतं. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला.

आता आमच्या फळ्यावर रोज तारखेशेजारी त्या दिवसाचा रंग लिहिलेला असतो. गडगडाट ऐकू आला, की खेळ बंद आणि सगळे वर्गात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

पुढच्या वर्षी नारिंगी इशारा होता, म्हणून मी वनभोजन रद्द केलं. दिवसभर थेंबही पडला नाही. मुलं रुसली, "बाई, उगीच घाबरता तुम्ही!" मला काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीवरून येणारी मुलगी उशिरा आली. म्हणाली, "बाई, काल आमच्याकडं गारा पडल्या. गोठ्याचे पत्रे उडाले."

वर्ग एकदम चिडीचूप झाला. मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "म्हणजे काल तुरळक ठिकाण तिकडं होतं!"